पोटरी उडते, पण ताकद आहे ना?

पूर्वी घरात कुणाचा डोळा लवला की ‘उजवा की डावा?’ असा प्रश्न यायचा. पुरुषाचा उजवा किंवा बाईचा डावा असेल तर शुभ, उलट असेल तर अशुभ, आणि एवढ्यावर विषय मिटायचा. आता डोळा लवला, पोटरी उडाली किंवा दंडातला स्नायू फडफडला की हात मोबाइलकडे जातो. दोन-चार ओळी वाचून होत नाहीत तोच ‘मोटर न्यूरॉन आजार’ किंवा ‘एएलएस’ हे नाव समोर येते. सोबत खुर्चीला खिळलेल्या स्टीफन हॉकिंग यांचे छायाचित्र असते. त्या रात्रीपासून झोप जाते.

सरकारी रुग्णालयांच्या मेडिसिन ओपीडीत असे रुग्ण आता नवे राहिलेले नाहीत. बहुतेक जण पंचवीस ते चाळीस या वयातले. हातात जाड फाइल, तिच्यात मेंदूचा एमआरआय, मानेचा एमआरआय, दोन वेगवेगळ्या ठिकाणी केलेली नसांची तपासणी. रोज सकाळी चवड्यांवर उभे राहून पाहायचे, आरशात जीभ न्याहाळायची, दोन्ही पोटऱ्या टेपने मोजायच्या, हा नेम झालेला असतो. ‘डॉक्टर, पायातली ताकद जातेय’ असे सांगणारा हाच माणूस लिफ्ट बंद म्हणून तीन मजले चढून आलेला असतो.

त्याच रांगेत कधी तरी पन्नाशी-साठीची एखादी बाई असते. स्नायू उडतात की नाही, इकडे तिचे लक्षही नसते. उजव्या पायातली चप्पल निसटते, एवढीच तक्रार. दुखत नाही म्हणून सहा महिने अंगावर काढलेले, पुढचे सहा महिने कमरेच्या मणक्यावर उपचार घेण्यात गेलेले. खरा आजार असण्याची शक्यता तिच्याबाबतीत जास्त असते. ज्याला धोका नाही तो घाबरलेला आणि जिला आहे ती निर्धास्त, असे हे उलटे चित्र आहे. ते बदलायचे तर लक्ष फडफडीवरून काढून ताकदीकडे न्यायला हवे.

स्नायू का उडतो, हे आधी पाहू. मज्जारज्जूतील एक चेतापेशी स्नायूच्या अनेक तंतूंना मिळून एकच तार पुरवते. या तारेत आपोआप ठिणगी पडली की ते तंतू एकदम आकसतात आणि त्वचेखाली किडा वळवळल्यासारखे दिसते. वैद्यकीय भाषेत याला फॅसिक्युलेशन म्हणतात. मोटर न्यूरॉन आजारात ही पेशी मरत जाते, मरताना अशा ठिणग्या टाकते आणि तिच्या ताब्यातले तंतू वाळू लागतात. त्यामुळे या आजारात स्नायू उडण्याबरोबर तो अशक्त आणि बारीक होत जातो. पेशी धडधाकट असतानाही तार चिडू शकते. दमणूक, जागरण, चहा-कॉफीचा अतिरेक, जुलाबांमुळे कमी झालेले क्षार, अतिसक्रिय थायरॉइड, दम्याची काही औषधे आणि मनावरचा ताण एवढी कारणे त्याला पुरतात.

आकडे पाहिले तर भीतीचा भार हलका होतो. अमेरिकेत १९६३ मध्ये निरोगी माणसांच्या एका पाहणीत सुमारे ७० टक्के लोकांनी स्नायू कधी ना कधी उडाल्याचे सांगितले होते. याउलट युरोपातील नोंदींनुसार मोटर न्यूरॉन आजाराचे नवे रुग्ण वर्षाला लाखामागे साधारण दोन असतात आणि त्यांतील बहुसंख्य पन्नाशी ओलांडलेले असतात. हॉकिंग यांना हा आजार १९६३ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी झाला आणि ते २०१८ पर्यंत जगले. या दोन्ही बाबतींत ते अपवाद होते. पण छायाचित्र अपवादाचे लक्षात राहते आणि तरुणांना तो आपल्या वयाचा आजार वाटू लागतो.

याहून थेट पुरावाही आहे. स्नायू उडतात, पण डॉक्टरी तपासणीत अशक्तपणा नाही, अशा १२१ जणांचा पाठपुरावा अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. काहींना दोन वर्षांनी, तर काहींना तब्बल बत्तीस वर्षांनी गाठले होते. त्यांतील एकालाही मोटर न्यूरॉन आजार झाला नव्हता. ही भीती अडाणीपणातून येते असे कुणाला वाटत असेल, तर तेही खरे नाही. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील तज्ज्ञांनी एक शोधनिबंध लिहिला, तो स्नायू उडतात म्हणून धास्तावलेल्या डॉक्टरांविषयीच होता. अर्धवट माहिती जितकी घाबरवते, तितकीच जास्तीची माहितीही घाबरवते.

या भीतीचे एक चक्र असते. लक्ष लागले की बारीकशी फडफडही जाणवते. धास्तीने झोप उडते, झोप उडाली की तार अधिक चिडते. ताकद टिकली आहे ना हे पाहण्यासाठी दिवसातून पन्नास वेळा चवड्यांवर उभे राहिले की पोटरी थकते आणि थकलेली पोटरी जास्तच उडते. माणसाला मात्र आजार वाढल्याचा पुरावा मिळाल्यासारखे वाटते.

आपल्याकडे या तक्रारींमागे काही साधी कारणेही सापडतात. पुण्यात ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांमध्ये बी१२ जीवनसत्त्व कमी आढळले होते. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. या कमतरतेत पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, अंधारात तोल जातो. मोटर न्यूरॉन आजारात सहसा मुंग्या आणि बधिरपणा नसतो. त्यामुळे फडफडीसोबत मुंग्या येत असतील तर धास्ती वाढवण्याऐवजी बी१२, साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे. ही कारणे उपचारांनी आटोक्यात येतात.

स्नायू उडणे तातडीचे ठरते अशी एक वेळ महाराष्ट्राने पाहिली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा जीव गेला. कीटकनाशकांचा एक मोठा गट नसा आणि स्नायू यांच्यातील संदेश थांबूच देत नाही. मग अंगभर स्नायू उडतात, घाम आणि लाळ सुटते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास कोंडतो. फवारणीनंतर असे झाले तर कपडे उतरवून, अंग साबणाने धुऊन तासाभरातच रुग्णालय गाठले पाहिजे.

मग खऱ्या काळजीची लक्षणे कोणती? आठवड्यागणिक वाढत जाणारा आणि बहुधा न दुखणारा अशक्तपणा हे पहिले. कुलपात किल्ली फिरत नाही, सदऱ्याची बटणे लागत नाहीत, भाकरी थापताना एकच हात मागे पडतो. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट होतो. बोलणे जड होते, पाणी पिताना ठसका लागतो, आडवे झाल्यावर दम लागतो. चप्पल निसटत असेल तर डॉक्टर एक जुना प्रश्न विचारतात, ‘निसटल्याचे कळते का?’ कळत असूनही पकडता येत नसेल तर दोष ताकदीत असण्याची शक्यता असते. पाय जमिनीला टेकल्यावरच कळत असेल तर दोष संवेदनेत शोधावा लागतो. या एका प्रश्नाने तपासाची दिशा ठरते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

अशा लक्षणांनीसुद्धा लगेच एएलएसचा शिक्का बसत नाही. तरुण मुलाचा एकच हात बारीक होत गेला तर हिरायामा आजार असू शकतो. जपानमध्ये १९५९ मध्ये वर्णन झालेला हा आजार भारतातही दिसतो आणि बहुधा काही वर्षांत आपोआप थांबतो. त्यासाठी मान पुढे वाकवून एमआरआय काढावा लागतो. साध्या एमआरआयमध्ये तो निसटू शकतो. म्हणजे काय शोधायचे ते आधी ठरले तरच यंत्राचा उपयोग.

इथे वैद्यकीय व्यवसायाकडेही बोट दाखवायला हवे. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य उत्तर म्हणून पुरत नाही. ज्याला कुणी हात लावून तपासलेच नाही त्याचा या वाक्यावर विश्वास का बसावा? मग तो दुसरा डॉक्टर, तिसरी लॅब गाठतो. एमआरआयमध्ये एएलएस थेट दिसत नाही. दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी तो असतो. त्यात मानेची एखादी चकती किंचित सरकलेली निघाली की भीतीला नवे नाव मिळते आणि खर्चाला नवे निमित्त. उलट खऱ्या रुग्णांमध्ये पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत सरासरी वर्षभर जाते, काहींची तोवर मणक्याची शस्त्रक्रियाही झालेली असते. दोन्हीकडे चूक एकच, माणूस नीट तपासलेला नसतो.

ही तपासणी महाग नाही. कपडे बाजूला करून स्नायू पाहणे, हातापायांची ताकद अजमावणे, जीभ पाहणे, हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया बघणे, रुग्णाला टाचांवर आणि चवड्यांवर चालवणे, एवढ्याला दहा मिनिटे लागतात. दोनशे केसपेपरच्या ओपीडीत दहा मिनिटे काढणे कठीण आहे, हे खरे. पण त्या न दिलेल्या दहा मिनिटांची किंमत रुग्ण पुढे वर्षभर फेऱ्या मारून चुकवतो. तपासणीनंतर केसपेपरवर मराठीत तीन ओळी लिहून द्याव्यात: ताकद पूर्ण आहे, स्नायू बारीक झालेले नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. शंका उरलीच तर जाणत्या डॉक्टरकडून ईएमजी एकदाच करून घ्यावी. फेरतपासणीची तारीख दिली की सावधगिरीही राहते आणि मधल्या काळात रोज स्वतःला तपासण्याचे कारणही उरत नाही.

अहवाल चांगले येऊनही धास्ती जात नसेल तर उपचार धास्तीवर करावे लागतात. ती खरी असते आणि समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधांनी कमी होते. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. चांगल्या डॉक्टरने दिलेला हा सल्ला म्हणजे वेड्यात काढणे नव्हे.

आणि चप्पल निसटणाऱ्या त्या बाईचे काय? मोटर न्यूरॉन आजार बरा करणारे औषध आज नाही. रिलुझोलने आयुष्य काही महिन्यांनी वाढते. पण श्वासाला यंत्राचा आधार, गिळण्याची सोय, फिजिओथेरपी आणि घरच्यांची तयारी वेळेत झाली तर उरलेला काळ पुष्कळ सुसह्य होतो. त्यासाठी निदान लवकर व्हावे लागते. घरातले कुणी ‘दुखत नाही, पण हाताला जोर राहिला नाही’ असे म्हणत असेल तर ते वयावर ढकलू नये आणि मेंदूविकार तज्ज्ञाकडे नेण्यासाठी दुखू लागण्याची वाट पाहू नये.