परवाना दुकानाचा, सुईचा नव्हे!

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. चित्रकलेच्या तासाला त्याचा मोर पाहून मी फळ्यावरचा माझा मोर पुसून टाकीत असे! "सर, म्हसळ्यात टॅटूचं दुकान काढतोय. लायसनसुद्धा मिळालं," म्हणत त्याने काचेची चौकट पुढे धरली. मी चष्मा लावला. मुंबईच्या कुठल्याशा क्लासाने दिलेला तो पंधरा दिवसांचा दाखला होता. बापाने त्यापायी कर्ज काढले होते.

मी दहावी पास मास्तर. पदव्यांचा मला सोस नाही. कादंबऱ्या लिहिल्या, त्यांनाही कुणी परवाना विचारला नाही. पण कागदावर शाई चुकली तर पान फाडता येते. कातडीचे पान कसे फाडणार? म्हणून दाखल्याला परवाना म्हणून विकणे ही शुद्ध लबाडी होय. गोंदणाऱ्याला परवाना देणारा केंद्रीय कायदाच आपल्या देशात नाही. राज्याचा २०१७ चा दुकानांविषयीचा कायदा आहे. छोट्या दुकानदाराने माहिती कळवली की पावती मिळते. सुई कुणाच्या अंगातून निघून कुणाच्या अंगात शिरली, हे ती पावती विचारीत नाही.

कुणी म्हणेल, "मास्तर, आपल्या आज्या जत्रेत गोंदून घेत, त्यांना काय झाले?" माझ्याही आजीच्या हातावर तुळस होती. पण त्याच सुयांनी अख्खी आळी गोंदली जाई. आणि हेपॅटायटिस बी, सी हे रक्तातून पसरणारे रोग कित्येक वर्षे गुपचूप यकृत पोखरतात. काही झाले नाही, की कळले नाही?

मग बंदी घालावी? न्यूयॉर्क शहराने १९६१ साली काविळीच्या धास्तीने घातली. गोंदणे चोरून चालूच राहिले. १९९७ साली बंदी उठली. मग डॉक्टरच हवा? जपानात तसा खटला झाला. गोंदणे हे वैद्यकाचे काम नव्हे, असा निवाडा २०२० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. ब्रिटनने १९६९ साली अठरा वर्षांखालील मुलांना गोंदण्यास मनाई केली, आणि इंग्लंडातल्या स्थानिक मंडळांना १९८२ च्या कायद्याने माणसाची व जागेची नोंदणी सक्तीची करण्याचा अधिकार मिळाला.

आम्हालाही असेच काही हवे. परीक्षा मराठीत घ्या, आणि ती हातांची घ्या: प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी सुई, नवे हातमोजे, शाईची वेगळी वाटी. पुन्हा वापरायची अवजारे नुसती उकळून भागत नाही, दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर ठेवावी लागतात. गोंदणाऱ्याने हेपॅटायटिस बीची लस घेतलेली हवी. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, हेही त्याने गिऱ्हाइकाला सांगावे. जत्रेतल्या निरक्षर गोंदणारणीची हीच परीक्षा तोंडी घ्या. तिची कला मारू नका.

"परवाना आला की चिरीमिरी आली!" हा आक्षेप मला ठाऊक आहे. म्हणून नियम दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. मग गिऱ्हाईकच तपासनीस होईल.

माझ्या विद्यार्थ्याने लसीचे तीनही डोस घेतले, मगच दुकान उघडले. चौकट मात्र त्याने माळ्यावर टाकली. वाचकहो, कायदा होईल तेव्हा होईल. तोवर भिंतीवरची चौकट पाहून भुलू नका. सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावा.