भाषा ही कुणाची मेहेरबानी नव्हे!



माणसाला भाषा कुणी दिली? कुणी देवाचे नाव घेतो, कुणी राजाचे, कुणी पंडितांचे. अहो, लेखनाचे वय सुमारे ५,००० वर्षे; व्याकरणे त्याच्याही मागून आली. माणूस त्याआधी हजारो वर्षे बोलत होता! तेव्हा कुठे होते हे पंडित?

१८६६ साली पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळाने तर नियमच केला की, भाषेच्या उगमावरचे निबंध घ्यायचे नाहीत. उत्तर सापडेना, म्हणून प्रश्नालाच कुलूप!

ते कुलूप तोडले पोरांनी. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात बहिरी मुले आपापल्या घरी एकटी पडलेली. घरापुरत्या चार खुणांवर दिवस काढायची. १९७७ साली मानाग्वा शहरात त्यांच्यासाठी शाळा निघाली आणि पुढच्या काही वर्षांत शेकडो मुले एकत्र आली. मास्तर ओठ वाचायला लावून स्पॅनिश शिकवू पाहत; ते काही साधेना. पण मैदानात, शाळेच्या गाडीत पोरांचे हात बोलू लागले! थोरल्यांनी आपापल्या खुणा एकमेकांत मिसळल्या. मागून आलेल्या धाकट्यांनी त्यांना व्याकरणाची घडी बसविली. कुणी शिकविले? कुणीही नाही!

आदिमानवाच्या काळी हुबेहूब असेच घडले, असे आम्ही म्हणत नाही. या मुलांचे मेंदू आजच्या माणसाचे होते. पण एवढे उघड झाले की, भाषा वरून वाटली जात नाही. माणसे एकत्र येतात, एकमेकांना सांगण्यासारखे काही असते, तिथे ती उगवते आणि लेकरांच्या हाती वाढते.

मग तिला अडाणी म्हणणारे तुम्ही कोण? १८८० साली मिलानच्या परिषदेने ठराव केला: बहिऱ्यांना तोंडीच शिकवा, खुणा बंद! त्या ठरावापायी पिढ्यान् पिढ्या पोरांची भाषा हिरावली गेली. तो ठराव फेटाळला गेला व्हँकुव्हरच्या परिषदेत, २०१० साली. मध्ये गेली १३० वर्षे!

आणि आपल्याकडे? घटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. भारतीय सांकेतिक भाषा त्यांत नाही. मायबोलीचा अभिमान सांगणाऱ्यांनो, हातांनी बोलणाऱ्यांचीही भाषा असते! ती भीक मागत नाही, हक्क मागते. आपल्या गावच्या शाळेत जा, विचारा: बहिऱ्या पोराला त्याच्या भाषेत शिकविणारा मास्तर आहे का? नसेल तर मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा!