दुकान त्यांचं, मतं आपली

अ‍ॅमेझॉनने जुलै २००२ मध्ये मालाची सूची वेब एपीआयवर फुकट खुली केली. पुस्तकाचा आयएसबीएन पाठवा. किंमत, मुखपृष्ठ, वाचकांची मतं, सगळं एक्सएमएलमध्ये हजर! प्रोग्रामर मंडळी हरखली. ऑगस्ट २००९ पासून प्रत्येक रिक्वेस्टवर गुप्त किल्लीची सही सक्तीची झाली. ठीक आहे, दुकान त्यांचं, कुलूपही त्यांचं. पण नोव्हेंबर २०१० मध्ये मतांचा मजकूर देणंच बंद केलं. हाती उरली त्यांच्याच पानाची आयफ्रेम. अहो, किंमत तुमची, कबूल. पण मतं तर वाचकांनी फुकट लिहिलेली ना?

तेव्हा मंडळी, दुसऱ्याच्या ओसरीवर घर बांधू नका. पुस्तकांची माहितीच हवी असेल तर ओपन लायब्ररीचा अख्खा डेटा उतरवून घ्या. आणि मत लिहाल, त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा राव!