पहिली दुर्बीण दोन डोळ्यांची असावी

पाऊस सरून आकाश निवळले आणि दिवाळीची सुट्टी जवळ आली, की ज्यांना नव्यानेच ताऱ्यांचा छंद लागला आहे अशा मुलांचे पालक, आणि पालकांपेक्षाही अधिक उत्साहाने त्यांचे आजोबा, एक प्रश्न हटकून विचारू लागतात : दुर्बीण कोणती घ्यावी? प्रश्न विचारण्यापूर्वीच त्यांच्या मनात तिपाईवर उभी केलेली, लांब नळीची आणि खोक्यावर शनीच्या कड्यांचे रंगीत चित्र व ‘६७५ पट’ असा ठसठशीत आकडा मिरवणारी एक वस्तू ठाण मांडून बसलेली असते. त्यामुळे ‘तूर्त ती राहू द्या, त्याच पैशांत एक चांगली बायनॉक्युलर घ्या’ असे उत्तर मिळाले, की आपली काहीतरी फसगत होते आहे असा भाव त्यांच्या मुद्रेवर उमटतो. सहलीला जाताना गळ्यात अडकवायची, फार तर पक्षी किंवा क्रिकेटचा सामना पाहायची ही वस्तू. तिने आकाशातले काय दिसणार? प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे, की नवशिक्याला जे दिसायला हवे ते नेमके तिनेच दिसते, आणि खोक्यातल्या त्या लांब नळीने बहुधा दिसत नाही.

कारण उघड आहे. साठ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाकडून फार तर एकशेवीस पटींपर्यंतचे काम घेता येते. त्यापलीकडे प्रतिमा वाढते ती केवळ आकाराने, तपशिलाने नव्हे, आणि जितकी वाढते तितकीच ती अंधूक होत जाते. त्यात दृष्टिक्षेत्र इतके संकुचित, की चंद्रासारखी ठळक वस्तूही नळीत सापडायला पाच-दहा मिनिटे लागावीत, प्रतिमा उलटी, तिपाई अशी, की हात लागताच आकाश थरथरावे, आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळे मोठ्या कष्टाने सापडलेला ग्रह पुढच्या माणसाने डोळा लावेपर्यंत निघून गेलेला. चार रात्री ही झटापट केल्यावर मुलाचा उत्साह मावळतो, आणि आकाश आपल्या आवाक्यातले नव्हे अशी कायमची खूणगाठ मनाशी बांधून ते नळकांडे माळ्यावर जाते. दोष आकाशाचा नसतो आणि मुलाचाही नसतो.

द्विनेत्रीवर, म्हणजे बायनॉक्युलरवर, ‘७×५०’ किंवा ‘१०×५०’ असे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. आणि खरेदी करणारा पहिल्यावर भाळतो, तर आकाश पाहणाऱ्याचे खरे भांडवल दुसऱ्यात असते. काळोखात आपल्या डोळ्याची बाहुली तरुणपणी सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते, तिच्या मानाने पन्नास मिलिमीटरचे भिंग सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करते, म्हणजे नुसत्या डोळ्याला जेथे रिकामा काळोख आहे तेथे तारे उगवू लागतात. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले असता नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते : ७×५० मध्ये ती सात मिलिमीटर, १०×५० मध्ये पाच. चाळिशी-पन्नाशीनंतर बाहुली पूर्वीइतकी विस्फारत नाही, तेव्हा आजोबांनी १०×५० घ्यावी, आणि हात स्थिर राहत नसतील तर ७×५०. बाकीच्या भानगडीत पडू नये. विशेषतः पुढच्या काचांना तांबडाभडक मुलामा दिलेली आणि ‘झूम’ म्हणून कमी-अधिक पटींची हमी देणारी द्विनेत्री जत्रेच्या दुकानातच शोभते. भिंगांमधून येणारी उलटी प्रतिमा आत बसवलेल्या लोलकांनी सुलटी होते. ही रचना इटलीच्या इग्नात्सिओ पोरो याने १८५४ साली केली, आणि आजही खगोलप्रेमी सर्वाधिक पसंत करतात त्या द्विनेत्रीच्या पोटात त्याचेच लोलक असतात.

ती वापरण्याची रीत कोणी समजावून सांगत नाही, म्हणून येथे थोडे थांबणे जरूर आहे. प्रथम मधला सांधा वाकवून दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांमधील अंतराशी अशा जुळवाव्यात, की दोन वर्तुळांऐवजी एकच वर्तुळ दिसावे. मग उजवे भिंग झाकून, एखाद्या ठळक ताऱ्यावर डाव्या डोळ्याने मधले चाक फिरवीत तारा टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत आणावा. आणि नंतर डावे झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेची कडी फिरवून त्या डोळ्याचे तंत्र जमवावे. इतके करूनही तारा दुहेरीच दिसला तर नळ्यांचा समांतरपणा बिघडला आहे असे समजावे आणि ती द्विनेत्री दुकानदारास बिनदिक्कत परत करावी. उभे राहून, मान मोडून पाहण्यात अर्थ नाही. गच्चीवर आरामखुर्ची न्यावी, कोपरे तिच्या हातांवर टेकवावीत, दिवे मालवून वीस-पंचवीस मिनिटे स्वस्थ बसावे, आणि त्या अवधीत खिशातला मोबाइल खिशातच ठेवावा, कारण त्याच्या एका उजेडाने डोळ्यांनी कमावलेला काळोख क्षणात बुडतो. नकाशा पाहण्याकरिता विजेरीवर तांबडा कागद बांधला की काम भागते.

मग पाहायचे काय? या ठिकाणी मराठी माणसाची स्थिती हेवा वाटावा अशी आहे, कारण आकाशातल्या ज्या वस्तू द्विनेत्रीच्या रुंद दृष्टिक्षेत्रात सर्वांत खुलतात, त्यांपैकी कित्येकांची नावे त्याच्या घरच्या पंचांगात पिढ्यान्‌पिढ्या छापली जात आहेत. मार्गशीर्षातल्या एखाद्या रात्री कृत्तिकांवर द्विनेत्री धरावी. नुसत्या डोळ्यांनी सहा तारका मोजता येतात, शहरात तर एक धुरकट ठिपकाच. पण भिंगातून त्या सहांच्या जागी निळसर-शुभ्र, धारदार अशा तारका दिसू लागतात, त्यांच्या मधल्या जागेत आणखी बारीक तारकांची पखरण असते, आणि एका बाजूने निघालेली मंद ताऱ्यांची वळणदार रांग, जी प्रथम लक्षात येत नाही, ती एकदा दिसली की पुन्हा नजरेआड होत नाही. गॅलिलिओने १६१० साली आपल्या ग्रंथात कृत्तिकांचे चित्र छापले, त्यात छत्तीस तारका आहेत. परंतु त्याच्या नळीचे दृष्टिक्षेत्र इतके चिमुकले होते, की तो संपूर्ण गुच्छ एकाच दृष्टिक्षेपात पाहणे त्याला शक्यच नव्हते, त्याला तो तुकड्या-तुकड्यांनी जोडावा लागला असणार. ते सुख आज सदाशिव पेठेतल्या किंवा नाशिकच्या कोणत्याही गच्चीवर बसल्या जागी मिळते.

कृत्तिकांच्या शेजारीच रोहिणी. तिच्या भोवतालचा, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा ताऱ्यांचा गाडा आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी रोहिणीशकट म्हणून नोंदलेला आहे, आणि द्विनेत्रीत तो सबंध मावतो. त्यात रोहिणीचा नारिंगी रंग इतका स्पष्ट वेगळा दिसतो, की ही या मंडळीतली नव्हे अशी शंका यावी. आणि ती शंका खरी आहे, कारण गुच्छ सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवर असून रोहिणी आपल्या बाजूला, पासष्ट प्रकाशवर्षांवरच उभी आहे. पुढे माघ-फाल्गुनात पुष्य डोक्यावर येतो. गुरुपुष्यामृताच्या दिवशी सराफकट्ट्यावर जी झुंबड उडते, तिच्यातल्या किती जणांनी पुष्य कधी पाहिला असेल याचा हिशेब न केलेला बरा. त्या नक्षत्राच्या मंद तारकांमध्ये साध्या डोळ्यांना काळोख्या गावातच जाणवणारा जो धूसर पुंजका आहे, तो द्विनेत्रीत डझनावारी ताऱ्यांनी फुटतो, आणि सोन्याच्या दुकानापुढच्या रांगेपेक्षा कितीतरी स्वस्तात. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, शिक्षण खात्यात अध्यापकी करता करता, सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला तो याच आकाशाविषयी. भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणाऱ्या या माणसाला सामान्य वाचकाची रात्रीची दोन घटका करमणूक हीसुद्धा लिहिण्याजोगी गोष्ट वाटली होती.

आणखी एक देणगी दख्खनला अक्षांशाने मिळाली आहे. मे महिन्याच्या मध्यास, रात्री साडेदहाच्या सुमारास, चित्रा नक्षत्राचा शुभ्र तारा बरोबर दक्षिणेस, उंच आलेला असतो. तेथून सरळ खाली, हात लांब करून धरलेल्या मुठीच्या मापाने साडेतीन मुठी उतरल्यावर, क्षितिजापासून चोवीस-एक अंशांवर द्विनेत्रीत एक गोल, मऊ, धुक्याचा गोळा सापडतो. त्याला ओमेगा सेंटॉरी म्हणतात; आपल्याकडील नाव घ्यायचे तर तो नरतुरंग तारकासमूहात आहे. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा हा गुच्छ सतरा हजार प्रकाशवर्षांवर आहे, आणि ज्या शार्ल मेसिएच्या यादीने जगभरच्या हौशी लोकांची रात्र आखली जाते, त्या यादीत तो नाही; कारण मेसिए पॅरिसला होता आणि तेथून हा गोळा क्षितिजावर कधी येतच नाही. हॅलीने १६७७ साली तो सेंट हेलेना बेटावरून नोंदला. युरोपच्या मोठमोठ्या वेधशाळांना जे घरबसल्या कधी दिसले नाही, ते सोलापूरच्या शेतकऱ्याच्या बांधावरून दिसते, आणि आपण मात्र परदेशी पुस्तकांतली उत्तरेची यादी घेऊन बसतो.

जे दिसत नाही तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शनीची कडी दिसत नाहीत. त्यांसाठी दुर्बीणच हवी. गुरूचे चार चंद्र दिसतात, पण कोपरे भिंतीवर टेकवली तर. पौर्णिमेचा चंद्र केवळ डोळे दिपवतो, शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-काळोखाच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या पाहाव्यात. देवयानीतील दीर्घिका हा एक लांबट डाग दिसतो, छायाचित्रातले रंग आणि भुजा त्यात शोधू नयेत. तो डाग पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशाचा आहे एवढे ठाऊक असले की पुरे, आणि ठाऊक नसेल तर तो पाहण्यात फारशी मौज नाही हेही खरे. सूर्याकडे मात्र द्विनेत्री कधीही, क्षणमात्रही, सायंकाळीसुद्धा वळवू नये. डोळा कायमचा जातो, आणि या बाबतीत मुलांना नुसते सांगून भागत नाही, दिवसा ती वस्तू कुलपात ठेवावी.

ही केवळ बालवाडीची पायरी आहे असेही कोणी समजू नये. जेसोरच्या सरकारी खजिन्यात कारकुनी करणाऱ्या राधागोविंद चंद्रांनी १९१० साली हॅलीचा धूमकेतू लहानशा द्विनेत्रीने पाहिला. दुर्बीण नंतर आली. खजिन्यातली नाणी आणि हिशेब सांभाळून त्यांनी पुढे रूपविकारी ताऱ्यांच्या सदतीस हजारांवर नोंदी अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या संघटनेकडे पाठवल्या, आणि जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहातला नवतारा टिपणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला. इंग्लंडमधला जॉर्ज अल्कॉक हा शाळामास्तर. त्याने हजारो ताऱ्यांच्या जागा पाठ केल्या होत्या, आणि ३ मे १९८३ रोजी आपल्या घरातून, बंद खिडकीच्या काचेतून, १५×८० च्या द्विनेत्रीने त्याने एक धूमकेतू शोधला. आठवड्याभराने तो धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे सत्तेचाळीस लाख किलोमीटरवरून गेला. काय बदलले आहे हे ज्याला ओळखायचे आहे, त्याला अगोदर सगळे आकाश ओळखीचे करून घ्यावे लागते. आणि ती ओळख अरुंद नळीतून होत नाही.

आता मूळ मुद्दा. द्विनेत्री महाग नाही, परंतु खेड्यातल्या किंवा चाळीतल्या प्रत्येक मुलाच्या बापाला ती परवडेल असेही नाही. आणि महिन्यातून चार रात्री लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत घेण्याची जरुरीही नाही. पुस्तक आपण ग्रंथालयातून आणतो, तशी द्विनेत्रीही आणता आली पाहिजे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने महाराष्ट्रात अ, ब, क, ड अशा वर्गवारीने गावोगावी अनुदानित वाचनालये उभी आहेत. त्यांपैकी तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयांनी १०×५० च्या दोन द्विनेत्री खरेदी करून, अनामत घेऊन, सभासदांना आठवड्यासाठी द्याव्यात, असा ठराव करायला सरकारी मंजुरीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या खगोलमंडळाने २००८ सालापासून ग्रंथालयांतून दुर्बिणी उसन्या देण्याची प्रथा पाडली आणि ती पुष्कळ पसरली. आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशदर्शन घडवते आहे. अशा मंडळांच्या माणसांनी ग्रंथपालास एक संध्याकाळ बसून शिकवले, की पुढचे काम चालते. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्रप्रकल्पास देशातले पहिले काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली आणि आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले गेले. ते दिवे तेथे बसवता येतात, तर नगरपालिकांच्या हद्दीतही बसवता आले पाहिजेत. पण तो कज्जा लांबणीवर पडला तरी द्विनेत्री शहरी उजेडातही काम करते, किंबहुना तेथेच तिची अधिक गरज असते.

हरकत कोठून येईल तेही ठाऊक आहे. कित्येक शाळांत कोणा देणगीदाराने दिलेली दुर्बीण जडवस्तूंच्या नोंदवहीत चोख चढलेली असते आणि कपाटात कुलूपबंद असते, कारण ती बाहेर काढली आणि भिंगाला चरा पडला, तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मुख्याध्यापकांना रात्री झोपू देत नाही. वस्तू शाबूत आहे आणि तिच्यातून कोणी पाहिलेले नाही, या दोन्ही गोष्टींचा मेळ दप्तरी उत्तम बसतो. ग्रंथालयांनी ही भीती आरंभीच काढून टाकावी. पाच वर्षांत दोनपैकी एक द्विनेत्री फुटणार, असे अंदाजपत्रकातच धरावे, जशी फाटणारी पुस्तके धरतात; नोंदवहीत ‘घरी दिली’ असा रकाना आखावा; आणि लेखापरीक्षक येऊन चरा पडलेल्या भिंगावर आक्षेप काढू लागले, तर त्यांची अनामत माफ करून तीच द्विनेत्री एका रात्रीपुरती त्यांच्या नावावर चढवावी.