धुराचा दंड कोणी भरावा?

लंडनच्या महापौरपदासाठी २ मे २०२४ रोजी झालेल्या निवडणुकीत मजूर पक्षाचे सादिक खान तिसऱ्यांदा विजयी झाले. हुजूर पक्षाच्या सुसान हॉल यांचा त्यांनी सुमारे पावणेतीन लाख मतांनी पराभव केला. हवामानाच्या प्रश्नावर पुरोगाम्यांची सरशी झाली, असा या निकालाचा अर्थ अनेकांनी लावला. उमेदवारांची धोरणे शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता हे समाधान फारसे टिकत नाही.

वाद पेटला तो वाहनांच्या धुरावरील आकारणीवरून. २९ ऑगस्ट २०२३ पासून ती संपूर्ण लंडनला लागू झाली. साधारणतः २००६ पूर्वीची पेट्रोल मोटार किंवा २०१५ च्या सप्टेंबरपूर्वीची डिझेल मोटार रस्त्यावर आणली की त्या दिवसाचे साडेबारा पौंड मोजावयाचे. पदावर येताच पहिल्याच दिवशी हा विस्तार रद्द करू, अशी हॉलबाईंची घोषणा होती. गरिबांचा कळवळा हे तिचे समर्थन. हुजूर पक्षाला गरीब नेमका मोटारीत बसलेला असतानाच दिसावा, हा योगायोग नव्हे! लंडनमधील दहांपैकी चार कुटुंबांकडे मोटारच नाही. ती बसने जातात आणि इतरांचा धूर श्वासाबरोबर घेतात. त्या शहरातील लुईशॅम भागात हमरस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची दमेकरी मुलगी २०१३ मध्ये दगावली. प्रदूषित हवेचा तिच्या मृत्यूला हातभार लागला, असा निर्णय मृत्युचौकशी अधिकाऱ्याने डिसेंबर २०२० मध्ये दिला. शिवाय मध्य लंडनसाठी ही योजना २०१५ मध्ये मंजूर केली होती ती हुजूर पक्षाचेच तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी.

खान यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. जुलै २०२३ मध्ये अक्सब्रिजची पोटनिवडणूक मजूर पक्षाने ४९५ मतांनी गमावली, तेव्हा खुद्द पक्षनेते स्टार्मर यांचे पाय डगमगले. बसचालकाचा हा मुलगा मात्र मागे हटला नाही. परंतु त्याने उचललेले हत्यार बाजारपेठेचे होते. लक्षाधीशाला आणि जुन्या गाडीतून हत्यारे वाहून नेणाऱ्या गवंड्याला दर एकच. त्यातही ज्याच्यापाशी नवी गाडी घेण्याइतका पैसा आहे त्याला काहीच पडत नाही. हा नियम मुख्यतः नायट्रोजनची संयुगे आणि धुरातील कण यांच्यासाठी आहे, कर्बवायूसाठी नव्हे. त्यामुळे भरमसाट पेट्रोल पिणारी नवी कोरी अजस्र मोटार फुकट धावते. जुनी मोटार मोडीत काढणाऱ्यास २,००० पौंड देऊ केले गेले. तेवढ्यात दुसरी बरी मोटार मिळणे दुरापास्त. ब्रॉम्लीसारख्या उपनगरी भागात भुयारी रेल्वेचे एकही स्थानक नाही. उपनगरांना जोडणाऱ्या जलद बसगाड्यांचे वर्तुळ पूर्ण झाले मार्च २०२४ मध्ये, म्हणजे आकारणीनंतर सहा महिन्यांनी. आधी दंड, मग बस! हुजूर पक्षाला उपनगरांत जमीन मिळाली ती या उलट्या क्रमातून. २०३० पर्यंत शहर कर्बमुक्त करण्याचे वचन देणाऱ्या याच महापौरांच्या कारकीर्दीत थेम्सखालून सिल्व्हरटाउनचा नवा मोटारबोगदा खोदला गेला आणि एप्रिल २०२५ मध्ये तो खुला झाला.

बोगद्याला विरोध केला तो हरित पक्षाने. त्याच्या उमेदवार झोई गार्बेट यांनी मैलांच्या हिशेबाने आकारणी सुचविली. खान यांनी ती साफ नाकारली. वापरानुसार आकारणी अधिक न्याय्य खरी. पण उत्पन्नाचा विचार तिच्यात आपोआप येत नाही. गार्बेट यांना सहा टक्क्यांच्या आतच मते पडली. पूर्वी मतदाराला दुसरी पसंती नोंदविता येत असे. हुजूर सरकारने २०२२ च्या कायद्याने ती सोय काढून घेतली.

या तुलनेचा मुंबईशी संबंध दूरचा नाही. हवामानासाठी एकत्र आलेल्या महानगरांच्या ज्या संघटनेचे अध्यक्षपद खान यांनी भूषविले, तिच्यात मुंबई डिसेंबर २०२० मध्ये सामील झाली आणि तिच्याच साहाय्याने मार्च २०२२ मध्ये महापालिकेने हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात सार्वजनिक वाहतुकीचे गुणगान आहे. मे २०२५ मध्ये ‘बेस्ट’च्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये करण्यात आले. खाजगी मोटारवाल्याला त्या दिवशी एक पैसाही जास्त पडला नाही.