बँकेच्या रोलमधली चांदी: आता किती उरली?



२०२५ च्या ऑक्टोबरात चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या पलीकडे गेला आणि १९८० सालचा उच्चांक मोडीत निघाला. पाठोपाठ १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. या दोन बातम्यांमुळे इथला एक जुना छंद पुन्हा चर्चेत आला आहे. बँकेतून दर्शनी किमतीला नाण्यांचे रोल आणायचे, जेवणाच्या टेबलावर फोडायचे, चांदीची आणि संग्राह्य नाणी बाजूला काढायची आणि उरलेली पुन्हा बँकेत भरायची. काहीच मिळालं नाही तरी दहा डॉलरचे दहा डॉलर परत! त्यामुळे "यात खरंच काही मिळतं का हो?" हा प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमात हमखास निघतो.

आमचं उत्तर थोडक्यात असं: मुलांबरोबर करायला हा छंद उत्तम आहे, कमाई म्हणून त्यात फारसा अर्थ नाही, आणि चांदीची नाणी शोधायची पहिली जागा बँक नसून आपलं स्वतःचं घर आहे. का ते पाहू.

१९६५ साली काय झालं?

१९६४ पर्यंतच्या डाईम, क्वार्टर आणि अर्ध्या डॉलरमध्ये ९० टक्के चांदी असे. साठच्या दशकात चांदी महाग होऊ लागली आणि देशात नाण्यांची टंचाई झाली. शेवटी २३ जुलै १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या नाणे कायद्यावर सही केली. डाईम आणि क्वार्टरमधली चांदी पूर्ण गेली. आत तांबं आणि वरून तांबं-निकेलचा पत्रा अशी नाणी आली. अर्ध्या डॉलरमध्ये १९७० पर्यंत ४० टक्के चांदी राहिली, १९७१ पासून चलनातल्या अर्ध्या डॉलरमधून तीही गेली.

पुढे जे झालं ते अर्थशास्त्रातल्या ग्रेशॅमच्या नियमाप्रमाणेच. दर्शनी किंमत सारखी असलेली दोन नाणी हातात असली, तर माणूस हलकं नाणं खर्च करतो आणि भारी नाणं घरात ठेवतो. लोकांनी चांदीची नाणी डब्यात टाकली. सरकारनेही ती चलनातून काढून घेतली. १९७९-८० मध्ये भाव भडकला तेव्हा उरलेली बरीच नाणी भट्टीत गेली. म्हणजे आज आपण जे रोल फोडतो, ती नाणी साठ वर्षं चाळणीतून गेलेली आहेत. भाव वाढला म्हणून रोलमधली चांदी वाढत नाही, फक्त शोधणारे वाढतात.

काय शोधायचं?

सगळ्यात सोपी खूण म्हणजे नाण्याची कड. साध्या क्वार्टरच्या कडेला तांबूस रेघ दिसते, ९० टक्के चांदीच्या नाण्याची कड सलग पांढरी असते. मग साल पाहायचं. चांदीचा भाव औंसाला ५० डॉलर धरला, तर नुसत्या धातूची किंमत साधारण अशी होते:

- डाईम, १९६४ व आधीची: ३ डॉलर ६० सेंट
- क्वार्टर, १९६४ व आधीचं: ९ डॉलर
- अर्धा डॉलर, १९६४ व आधीचा: १८ डॉलर
- अर्धा डॉलर, १९६५ ते १९७०: ७ डॉलर ४० सेंट
- युद्धकाळातलं निकेल, १९४२ ते १९४५: २ डॉलर ८० सेंट

या निकेलमध्ये ३५ टक्के चांदी आहे. मागच्या बाजूला घुमटाच्या वर टांकसाळीचं मोठं अक्षर असतं. १९४२ ची सगळी निकेल चांदीची नाहीत, म्हणून हे अक्षर पाहायला विसरू नका.

चांदी नसलेली पण संग्राहकांना हवी असलेली नाणीही आहेत. २०१९ आणि २०२० मध्ये वेस्ट पॉइंट टांकसाळीने 'डब्ल्यू' अक्षराची क्वार्टर मुद्दाम चलनात सोडली, प्रत्येक चित्राची फक्त २० लाख. २००४ च्या विस्कॉन्सिन क्वार्टरवर मक्याच्या कणसाला एक जादा पान आलेली काही नाणी डेन्व्हर टांकसाळीतून बाहेर पडली. शाळकरी मुलांना हे शोधायला फार आवडतं, आणि त्यातून राज्यांची नावं आणि इतिहासही आपसूक पाठ होतो.

हिशेब

क्वार्टरची एक पेटी म्हणजे ५० रोल, ५०० डॉलर, २००० नाणी. समजा त्यात चांदीचं एक क्वार्टर मिळालं. धातूची किंमत ९ डॉलर, पण दुकानदार आपला नफा ठेवून त्याहून कमी देणार. त्यात बँकेच्या दोन फेऱ्या, पेट्रोल आणि अर्धा शनिवार. पेटीत काहीच न मिळणं तर नेहमीचंच. काही बँका रोल फक्त खातेदारांना देतात, तर काही नाणी मोजून घेण्याचे पैसे लावतात. ते आधी विचारून घ्यावं.

आपल्या लोकांनी आणखी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, १०,००० डॉलरहून अधिक रोख भरली की बँक सरकारला कळवते. त्यात गैर काही नाही, पण ते टाळण्यासाठी रक्कम मुद्दाम तुकड्यांत भरणं हा गुन्हा आहे. दोन, अशी नाणी विकून झालेला नफा करपात्र असतो. तीन, वर्क किंवा स्टुडंट व्हिसावर असाल आणि खरेदी-विक्री धंद्यासारखी होऊ लागली, तर आधी वकिलाला विचारा. चार, इंटरनेटवर 'न तपासलेले जुने रोल' म्हणून चढ्या किमतीला जे विकतात, त्यांच्यापासून दूर राहा. टोकाला एखादं जुनं नाणं दिसेल असं बांधून आत साधी नाणी भरणं ही जुनी युक्ती आहे. आपले वडीलधारे अशा जाहिरातींना लवकर भुलतात.

पेनीचं काय?

२०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंटची पेनी पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता. पाडणं थांबलं तरी पेनी कायदेशीर चलन आहेच, आणि अंदाजे ३०० अब्ज पेनी आजही लोकांकडे आहेत. त्यामुळे 'बंद झाली, आता सोन्याचा भाव येणार' या बोलण्यात तथ्य नाही. १९८२ च्या आधीच्या पेनीत ९५ टक्के तांबं आहे हे खरं, पण पेनी आणि निकेल वितळवायला २००६ पासून बंदी आहे. मुलांनी बरणीत साठवल्या तर साठवू द्या, त्यावर आशा बांधू नका.

मग ही चांदी रोलमध्ये येते कुठून?

आमच्या मते खरा मुद्दा हा आहे. साठ वर्षांच्या चाळणीनंतरही अधूनमधून एखाद्या रोलमध्ये चांदीची आठ-दहा नाणी एकत्र निघतात. ती इतकी वर्षं बाजारात फिरत नव्हती. कुणा आजोबांनी ती डब्यात जपली होती. आजोबा गेले, घर आवरलं गेलं, नातवंडांना डब्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि तो डबा बँकेत दर्शनी किमतीला भरला गेला. एका घरात सांगायचं राहून गेलं, म्हणून दुसऱ्याला चांदी सापडली.

हे आपल्या घरीही घडू शकतं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मांडायचे राणीछाप आणि राजाछाप रुपये आपल्यापैकी अनेकांकडे आहेत. १९४० च्या आधीचा रुपया बरोबर एक तोळा वजनाचा, त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. म्हणजे चांदीच्या बाबतीत तो इथल्या जुन्या अर्ध्या डॉलरच्या जवळ येतो. १९४० मध्ये ती चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. तोच ग्रेशॅमचा नियम आपल्या आज्यांनीही पाळला, म्हणून ते रुपये आपल्यापर्यंत पोचले. पण इथे वाढलेल्या मुलांना ते फक्त 'पूजेचे कॉइन्स' वाटतात.

तेव्हा या दिवाळीची वाट न पाहता डबा उघडा. मुलांना बसवून कोणतं नाणं कुणाचं, कुठून आलं ते सांगा आणि एका कागदावर लिहून ठेवा. नाणी चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, संग्राहकाच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत उतरते. आणि भारतातून आणायचा विचार असेल तर लक्षात असू द्या, १०० वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे. ती तिथेच, नात्यातल्या जाणत्या माणसाकडे ठेवावीत.

एखाद्या पावसाळी शनिवारी दहा डॉलरचा रोल जरूर फोडा, मजा येते! पण त्याआधी घरातला डबा मोजा. काही विशेष सापडलं तर आम्हाला जरूर कळवा.

आपलेच,
संपादक मंडळ