टीएसएच आणि गीझरचा नळ

या वीकांताला विषय शोधावा लागला नाही. काल आईचा थायरॉइडचा रिपोर्ट आला. टीएसएच २.९. म्हणजे अगदी जिथे हवं तिथे. हुश्श! गेले पाच महिने आमच्या घरात जो गोंधळ चालू होता तो एकदाचा संपला. आणि तो गोंधळ मी घातला होता, हे इथे कबूल करून टाकतो.

आई गेली नऊ वर्षं थायरॉक्सिनची ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेतेय. कधी त्रास नाही. मार्चमध्ये एक ‘फुल बॉडी’ पॅकेज स्वस्तात मिळालं म्हणून मी तिचं रक्त तपासून घेतलं. टीएसएच ८.४ आलं, शेजारी लाल अक्षरात ‘हाय’. आकडा लाल दिसला की माझ्यासारख्या माणसाचे हात शिवशिवतात. डॉक्टरांची वेळ मिळायची दहा दिवसांनी. म्हटलं, त्यात काय एवढं? टीएसएच जास्त म्हणजे गोळी कमी पडतेय. साधं गणित आहे. “आई, उद्यापासून ७५ घे.”

बारा दिवसांनी पुन्हा तपासलं. ७.९. हलायला तयार नाही! मग १००.

आई म्हणाली, “अरे, डॉक्टरांना एकदा विचार तरी.” मी म्हणालो, “विचारतो गं.” विचारलं नाही.

मे महिन्यात ती रात्री दोन-दोन वाजता उठून बसायला लागली. छातीत धडधड, हात थरथरत. जेसल पार्कच्या चौपाटीवर रोज चार फेऱ्या मारणारी बाई एका फेरीत बाकावर बसली आणि म्हणाली, “आज नको रे.” त्या दिवशी मात्र टरकलो. डॉक्टरांकडे नेलं. टीएसएच ०.१ च्या खाली.

डॉक्टरांनी आधी गोळीचं काही विचारलंच नाही. विचारलं, “काकू, सकाळी उठल्यापासून काय काय घेता?” आणि उलगडा झाला. फेब्रुवारीत गुडघ्यांसाठी कॅल्शियम सुरू झालं होतं. विसरायला नको म्हणून आई दोन्ही गोळ्या एकदम, चहाबरोबर घ्यायची. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतं, रक्तात नीट जाऊ देत नाही. चहा-कॉफीनेही शोषण कमी होतं. म्हणजे डोस कमी नव्हताच, रक्तात पोचत होता तोच कमी. एप्रिलच्या शेवटी कॅल्शियमची बाटली संपली, आणि १०० मायक्रोग्रॅमचा रस्ता मोकळा झाला.

ऑफिसमध्ये कुणी ज्युनिअरने असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. लॉग न बघता थेट प्रॉडक्शनवर बदल, आणि परिणाम दिसायच्या आत दुसरा बदल!

आता मूळ मुद्दा. थायरॉक्सिन हे अतिशय संथ औषध आहे. रक्तातला त्याचा अर्धायुकाल साधारण सात दिवसांचा. डोस बदलला की नवी पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, आणि मेंदूतली पिच्युटरी त्या पातळीनुसार टीएसएच जुळवते तीही सावकाशच. म्हणून तर डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी तपासायला सांगतात. बाराव्या दिवशीचा माझा आकडा जुन्या आणि नव्या डोसची खिचडी होता.

आमच्या बाथरूममधला गीझर असाच आहे. नळ सोडला की बराच वेळ गारच पाणी. घाईचा माणूस आणखी सोडतो, आणि मग एकदम चटका! दोष गीझरचा नसतो.

दुसरी गंमत अशी की टीएसएचचा आकडा सरळ रेषेत चालत नाही. थायरॉक्सिन दुपटीने कमी-जास्त झालं तर टीएसएच शंभर पटीच्या आसपास बदलू शकतं. म्हणजे ४ चं ८ झालं की आपल्याला ‘डबल’ वाटतं, आत झालेला फरक मात्र छोटासा असतो. त्याला २५ चा डोस ५० चा करणं असलं उत्तर नसतं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे हा फक्त आयांचा आजार नाही. मुंबई आणि गोवा धरून आठ शहरांत झालेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉइडिझम आढळला. तुमच्या लोकलच्या डब्यात मोजून बघा किती होतात ते! आणि आपल्या पिढीला थकवा आला, वजन वाढलं, की गोळी वाढवाविशी वाटते. पण विरारहून अंधेरीला रोज लटकत जाणाऱ्याचा थकवा प्रत्येक वेळी थायरॉइडचाच असेल असं नाही ना. जास्त डोस म्हणजे जास्त तरतरी, असंही नाही. तो बराच काळ राहिला तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात. वयस्कर बायकांना तर जास्तच धोका.

“म्हणजे दोन महिने मरगळ सहन करायची का?” असं एका मैत्रिणीने विचारलं. रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या काळात डोसऐवजी सवयी तपासा. गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तास लांब. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी लॅबला सांगा, त्याने आकडे चुकतात. आणि एक मोठा अपवाद: गरोदरपण. तिथे थायरॉक्सिनची गरज लवकरच वाढते, त्यामुळे दोन महिने थांबायचं नाही. कळेल त्या दिवशी डॉक्टरांना फोन.

आईला डॉक्टरांनी पुन्हा ५० वर आणलं आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर दिलं. मग आठ आठवडे आम्ही काहीही केलं नाही. माझ्यासाठी तेच सगळ्यात अवघड होतं. :-)

आज सकाळी चौपाटीवर चार फेऱ्या झाल्या. मी दुसऱ्या फेरीला कट्ट्यावर बसलो. घरी येताना आई म्हणाली, “आता तुझं पण एकदा तपासून घे. पण गोळी डॉक्टर देतील हं, मी नाही.”

असो. चूक कुणाची होती ते तिला पक्कं माहीत आहे.